मिरची कांडपाचा ठराव

ग्रामसेवकाच्या नोकरीत माणसाला एक खोड लागते. कुठलंही घर दिसलं की आधी त्याची चतुःसीमा डोळ्यांपुढे येते. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला रस्ता की ओढा, उत्तरेला कुणाची भिंत. माझी बायको अजून सांगते, की मी तिला बघायला गेलो तेव्हा तिच्याकडे कमी आणि त्यांच्या पडवीच्या वळचणीकडे जास्त बघत होतो. ते खोटं नाही. त्या वळचणीचं पाणी सरळ शेजाऱ्याच्या अंगणात पडत होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

नोकरी सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावात, आणि घर गोरेगावपासून थोडं आत. सोमवारी सकाळच्या जीपनं निघायचं आणि शनिवारी उन्हं कलली की परत यायचं. घरी बायको, लेकरं आणि माय. मायला दमा होता. थंडीत तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. मग ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, खांदे वर ओढून, श्वास सापडेपर्यंत बसून राहायची. त्या वेळी तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालत नसे. मी शेजारी नुसता बसायचो आणि मला फार भीती वाटायची.

आमच्या पूर्वेला वहिनीचं घर, त्यापलीकडे ओढा. नात्यानं ती कुणी नव्हे. शेजारचा थोरला माणूस दादा आणि त्याची बायको वहिनी, एवढंच. दादा गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचा. वहिनीचं माहेर रिसोडकडचं आणि माहेरी पिठाची गिरणी. त्यामुळे पीठ चिमटीत घेऊन नुसतं चोळलं तरी गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायला झाली का, हे तिला कळायचं. आमच्या गावात दुसऱ्या टोकाला एक जुनी गिरणी होती. तिचा मालक मनाला येईल तेव्हा उघडायचा आणि त्याच्या गिरणीतलं पीठ दाताखाली करकर वाजायचं. वहिनी ते पीठ बघून मान हलवायची. मिरचीचं तर त्याहून अवघड. उन्हाळ्यात गावातल्या बाया एक तर उखळात कांडत बसायच्या, नाही तर पोती घेऊन गोरेगावला जायच्या आणि तिथं रांगेत अर्धा दिवस घालवायच्या.

हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता त्या थंडीतली गोष्ट. शनिवारी जीपमधून उतरलो तर वहिनीच्या घराला लागून तिची जी मोकळी जागा होती, तिथं पाया खणलेला आणि विटा उतरवलेल्या. वहिनी पदर खोचून विटा मोजत होती.

"काय चाललंय वहिनी?"

"गिरणी टाकून राहिलो, भाऊजी. पिठाची, अन् मिरची कांडपाची बी." तिचा चेहरा नुसता फुलून आला होता. "इजेच्या लायनीसाठी पंचायतीचं ना हरकत लागते म्हणत्यात. तुमी तर त्याच कामातले. अर्ज कसा लिव्हायचा तेवढं सांगा."

मिरची हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढे गुडघ्यांवर हात टेकवलेली माय आली. मी म्हणालो, "वहिनी, मिरची इथं नाही जमायची. भिंतीपलीकडे माझी माय राहते."

"जागा माझी हाय, भाऊजी. पंचायतीच्या नमुना आठला माझं नाव हाय."

"जागा तुमची आहे. हवा तुमची नाही."

हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. वहिनीनं विटा मोजायचं थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्या विटेपासून मोजायला लागली.

त्याच संध्याकाळी मी हरकतीचा अर्ज लिहायला बसलो. इतकी वर्षं लोकांचे असले अर्ज वाचले होते. आता स्वतःचा लिहायचा म्हटल्यावर मी हात आखडला नाही. निवासी वस्ती, सार्वजनिक आरोग्य, ध्वनी, धूळ, उपद्रव, सगळं घातलं. अर्ज कुणाच्या नावानं करावा हा एक प्रश्न होता. मी आठवड्यातले सहा दिवस गावातच नसायचो, तेव्हा माझी हरकत कुणी मनावर घेतली नसती. दमा मायचा, तेव्हा अर्जदार माय. मी शाईचा पॅड घेऊन चुलीपाशी गेलो आणि म्हणालो, "माय, पंचायतीचा कागद आहे, अंगठा दे."

तिनं पिठाचा हात पुसला आणि अंगठा दिला. काय आहे, कशाचा आहे, काही विचारलं नाही. माझ्या नोकरीत मी शेकडो बायांचे अंगठे घेतले, आणि अंगठ्याआधी कागद वाचून दाखवायचा हा नियम मी नेहमी पाळला. माझ्या घरच्या कागदाला तो नियम मला आठवला नाही. खरं सांगायचं तर आठवला होता. वाचून दाखवला तर ती नको म्हणेल, अशी शंका मला होती.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. मी रजा टाकून आलो होतो. एरवी ग्रामसभेला बाया दारापर्यंत येतात आणि आतला आवाज ऐकून परत जातात. त्या दिवशी मात्र वहिनीनं अर्धी आळी गोळा करून आणली होती. त्या सगळ्यांच्या पुढे, भिंतीला टेकून, माझी माय बसली होती. ती येणार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनीनं तिला म्हटलं होतं, आत्याबाई, माझ्या गिरणीचा इषय हाय, चला. आणि ती आली होती.

तिला बाहेर न्यावं असं मनात आलं. पण तोवर आमच्या गावचे ग्रामसेवक, म्हणजे माझेच एक नोकरीतले मित्र, उभे राहून वाचायला लागले होते. आधी वहिनीचा अर्ज. मग माझी हरकत. माझी ती मोठमोठी वाक्यं व्हरांड्यात घुमत होती. वाचून झाल्यावर त्यांनी मायचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाले, "अर्जदारांचा अंगठा आहे."

बायांमध्ये कुजबुज झाली. वहिनी मायकडे बघायला लागली. माझ्यावर तिनं आयुष्यभर रागवायचं ठरवलं असतं तरी मला चाललं असतं. पण मायकडे ज्या नजरेनं ती बघत होती ते मला सहन होईना. मी उठणार, तेवढ्यात मायच भिंतीला धरून उभी राहिली.

"अंगठा माझा हाय," ती म्हणाली. "बोलणं माझं न्हाई."

मला जमिनीत जावंसं वाटलं. मी म्हणालो, "माय, तुला त्रास होईल म्हणूनच केलं मी."

"तकलीफ मला व्हती ना? मग मला इचारायचं का न्हाई? काहून न्हाई इचारलं?"

सरपंचांनी प्रसंग सावरायला विचारलं, "मग आजीबाई, तुमची हरकत हाय का न्हाई?"

"हाय," माय म्हणाली.

आता वहिनीसुद्धा गोंधळली. माय दम घेत घेत बोलत होती, त्यामुळे सगळ्यांना थांबून ऐकावं लागत होतं. "हरकत हाय, पण गिरणीला न्हाई. तिची जागा हाय, तिनं तिथं काय बी टाकावं. मिरचीचा खाट, त्यो ठसक्याचा वास, माझ्या छातीत गेला तर मी मरंल, ते बी खरं हाय. पण खाट काय रोज माझ्याकडंच येतो का? खळ्यावर तुमी कसं करता?"

पुढे बसलेली म्हातारी माणसं हसली. त्यांना कळलं होतं. मला कळलं नव्हतं, आणि माझ्यासारख्या नोकरीवाल्या पोरांनाही नव्हतं. आमच्या वेळी मळणीयंत्र आलं होतं. त्याआधी खळ्यावर धान्य वाऱ्यावर उपणायचे. घडवंचीवर उभं राहून पाटीतून धान्य सोडायचं. दाणे खाली पडतात आणि भुसकट वाऱ्यानं बाजूला जातं. दोन खळी शेजारी असली, की वाऱ्याच्या वरच्या अंगाचा माणूस खालच्याला हाक मारायचा, "उपणू का?" खालच्याची रास उघडी असली तर तो म्हणायचा थांब. रास झाकली की म्हणायचा उपण. तोपर्यंत वरचा माणूस पाटी हातात घेऊन उभा राहायचा. खळं त्याचं, धान्य त्याचं. तरी विचारल्याशिवाय पाटी कलती करायची नाही. हे कुठल्या कागदावर नव्हतं आणि त्यावरून कधी भांडण झालेलं कुणाला आठवत नव्हतं.

"तिनं मला इचारावं," माय म्हणाली. "वारं तिकडं ओढ्याकडं असलं तर मी लाव म्हणंल. इकडं असलं तर थांब म्हणंल. एवढंच."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अन् मिरची कांडत्यात उन्हाळ्यात. उन्हाळ्यात वारं मावळतीकडून सुटतं. तिच्या घरावरून ओढ्याकडं जातं. तू थंडीतलं वारं बघून कागद लिव्हला, लेका."

सगळी सभा हसली. वहिनी हसत नव्हती. ती पदरानं डोळे पुसत होती.

आता हे ठरावात लिहायचं कसं, हा पेच पडला. माझे मित्र पेन धरून बसले. नियमात अट घालता येते, वेळ घालता येते, पण वारा कसा घालायचा? सरपंच म्हणाले, ज्यानं हरकत लिहिली त्यानंच ठराव लिहावा. मी मुकाट्यानं रजिस्टर ओढलं. मी लिहिलं, की अर्जदार महिलेस तिच्या स्वतःच्या जागेत गिरणी चालवण्यास ग्रामसभेची हरकत नाही. मात्र मिरची कांडप सुरू करण्यापूर्वी पश्चिमेकडील घरातील ज्येष्ठ महिलेस वाऱ्याबाबत विचारावे व तिच्या संमतीनेच कांडप सुरू करावे. आणि त्याखाली कुणाची सही-अंगठा घेण्याआधी मी तो मायला मोठ्यानं वाचून दाखवला. पुढे पंचायत समितीच्या एका साहेबांनी दप्तर तपासताना तो ठराव दोनदा वाचला आणि ह्या गावात ज्येष्ठ महिला हवामान खात्यात आहेत काय, असं विचारलं. माझ्या मित्रानं सांगितलं, होय साहेब.

गिरणी होळीच्या सुमाराला सुरू झाली. पीठ केव्हाही निघायचं. मायला त्याचं काही वाटत नव्हतं. मिरची आली की वहिनी भिंतीपाशी येऊन हाक द्यायची, "आत्याबाई, लावू का?" मग माय अंगणात यायची. दाराशी तिनं एका डब्यात भुसकट भरून ठेवलं होतं. मूठभर घेऊन हात डोक्याच्या वर न्यायचा, मूठ सैल करायची आणि भुसकट कुठं जातं ते बघायचं. मग लाव, नाही तर थांब.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. त्या वर्षांत लोडशेडिंगनं कहर केला होता. लाईन असायची तेव्हा वारं फिरलेलं असायचं, आणि वारं चांगलं असायचं तेव्हा लाईन गेलेली. दोन्ही एकदम जुळून आली की वहिनी हातातलं ताट टाकून पळायची. परगावहून आलेलं एखादं गिऱ्हाईक चिडायचं, की पैसे देऊन मिरची कांडायची तर ह्या म्हातारीकडे जोगवा कशाला मागायचा. वहिनी म्हणायची, "मग गोरेगावला जा. जीप आमचीच हाय, बसा."

आणि एकदा मायनंही खोटेपणा केला. वहिनीच्या कोंबड्यांनी आमच्या वाळवणात पाय घातले होते आणि दोघींची सकाळीच जुंपली होती. दुपारी वहिनीची हाक आली, तेव्हा वारं सरळ ओढ्याकडे होतं. भुसकट तिकडंच गेलं. तरी माय म्हणाली, थांब. मी त्या दिवशी घरी होतो, मला सगळं दिसत होतं. वहिनीलाही दिसत होतं, भिंत तशी कमरेएवढीच. तिनं गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं. तो दिवस मायला काही सुधरलं नाही. जेवताना भाकरी मोडून तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी हाक यायच्या आधीच तीच भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, "पोरी, वारं चांगलं हाय. लाव की." त्यानंतर तिनं कधी खोटं सांगितलं नाही, निदान मला तरी दिसलं नाही.

एकदा मात्र खरंच जिवावर बेतलं. जेठाचे दिवस होते. लाव म्हणून सांगितल्यावर अर्ध्या घटकेत वारं उलटं फिरलं. खाट आमच्या घरात शिरला आणि मायला धाप लागली. हाक मारायला तिच्यात दम नव्हता, माझी बायको ओरडली. वहिनीनं मोटार बंद केली, अर्धी कांडलेली मिरची तशीच टाकली आणि ओला टॉवेल घेऊन भिंतीवरून उडी मारून आली. मायला श्वास सापडेपर्यंत ती तिच्यासमोर उकिडवी बसून होती, न बोलता. आठ दिवसांनी मी आलो तर गिरणीची आमच्या बाजूची खिडकी विटांनी बुजवलेली आणि कांडप पलीकडच्या खोलीत हलवलेलं. मी म्हणालो, "वहिनी, हे ठरावात नव्हतं."

"भिंत माझी हाय, भाऊजी," ती म्हणाली. "तिच्यात खिडकी ठिवायची का न्हाई, ते मी बघन."

मी कानकोंडा झालो. हक्क हा शब्द मी कागदावर इतक्या वेळा लिहिला होता. तो असाही वापरता येतो, हे मला तिनं दाखवलं.

अशी बरीच वर्षं गेली. वहिनीच्या गिरणीत फोन आला, तिच्या दोन्ही पोरी गोरेगावच्या शाळेतून दहावी झाल्या. एका चैतात मायचा दमा इतका वाढला की तिला हिंगोलीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या खेपेला ती बरी होऊन घरी आली, हे आधीच सांगून टाकतो. पण ते दिवस कठीण होते. बायको तिच्यापाशी, लेकरं बायकोच्या माहेरी, घराला कुलूप. पाचव्या दिवशी मी कपडे न्यायला गावी आलो.

गिरणीपुढे मिरच्यांची पोती भिंतीला लावून ठेवलेली. दहा-बारा तरी असतील. लाईन होती, पिठाचा पट्टा फिरत होता. कांडप मात्र बंद. मी विचारलं, "हे बंद काहून?"

"आत्याबाई न्हाईत ना घरी."

"अहो वहिनी, घरात कुणीच नाही. कुलूप आहे. खाट गेला तरी कुणाला लागणार?" आणि माझी खोड जाते कुठं. मी म्हणालो, "ठरावाचा अर्थच तसा आहे. ज्येष्ठ महिला घरात असेल तरच विचारायचं."

वहिनीनं पिठाचे हात झटकले. "ठराव तुमी लिव्हला, भाऊजी. बोली माझी अन् आत्याबाईची हाय. त्या म्हणल्या व्हत्या, मला इचार. घरात असंल तर इचार, असं न्हाई म्हणल्या. त्या तिथं नाकाला नळी लावून पडल्या, अन् मी हितं त्यांना न इचारता मिरची कांडू? माझ्यानं न्हाई व्हायचं." मग म्हणाली, "तुमी चाललाच हात तर तुमीच इचारा."

मी कपडे घेतले, कुलूप लावलं. निघता निघता अंगणात थांबलो. एवढ्या वर्षांत मी हे कधी केलं नव्हतं. डब्यातलं भुसकट मूठभर घेतलं, हात वर नेला आणि सोडलं. कुणी बघत तर नाही ना, म्हणून आधी इकडंतिकडं पाहिलं होतं, हेही सांगतो.

हिंगोलीला पोचलो तेव्हा मायला उशी देऊन बसवलेलं होतं. डोळे मिटलेले. बोलायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मी कॉटपाशी वाकलो आणि म्हणालो, "माय, वहिनीनं विचारलंय, लावू का?"

तिनं डोळे उघडले. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. तिच्या तोंडावर काय उमटलं ते मला सांगता येणार नाही. एवढं खरं, की त्या पाच दिवसांत ती पहिल्यांदा माझ्या ओळखीची दिसली. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, तिथून काही दिसण्यासारखं नव्हतं. तिनं नळी जराशी बाजूला केली.

"वारं कसं हाय तिकडं?"

"मावळतीचं आहे. ओढ्याकडं जातंय."

"बघितलंस, का सांगून राहिलास?"

"बघितलं, माय. मूठ सोडून बघितलं."

तिनं नळी परत लावायला हात वर नेला आणि म्हणाली, "मग लाव म्हणावं तिला."

दवाखान्यासमोर फोनचा बूथ होता. मी गिरणीत फोन लावला. वहिनीनं उचलला आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "काय म्हणल्या?"

"लाव म्हणाली."

तिनं फोन तसाच उघडा ठेवला असणार, कारण मला तिची चप्पल ऐकू आली, मग खटका, मग मोटारीचा आवाज, आणि त्यामागून कांडपाचा पहिला ठोका. दुसरा. तिसरा. बूथवाला मीटरकडे बोट दाखवत होता. मी फोन कानाला धरून तिथंच उभा राहिलो आणि रडायला लागलो.